नवव्या दिवशीचं मोजमाप

बरखेडा, भोपाळ
बुधवार, २ फेब्रुवारी १९९४

जयंत,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, घ्यायचे की नाहीत ते तू ठरव. सहा वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणून कुणी गेलं असं समजू नकोस. मी ठणठणीत आहे. वंदनाही ठणठणीत आहे, पाठ सोडून.

काल फ्लाइंग क्लबचे सेक्रेटरी पळसुले दुधाच्या केंद्रावर भेटले. म्हणाले, "प्रभाकरराव, चिरंजीवांचा अर्ज आलाय." मला आधी वाटलं, वधूवर मेळाव्यात आला असेल. मग कळलं की तू पुन्हा उडणार आहेस, राहिलेले तास पुरे करून मे महिन्यात व्यावसायिक पायलटच्या परीक्षेला बसणार आहेस, आणि त्यासाठी तुझ्या उड्डाणवहीतला 'निर्णयाची चूक' हा शेरा क्लबनं काढून टाकायला हवा. समितीची बैठक १२ मार्चला आहे. तुझ्या अपघाताच्या वेळी चौकशीसाठी समितीत आम्ही तिघे होतो. सेन वारले. माथूर साहेब आजही अध्यक्ष आहेत, आणि तिसरा मी, कारखान्यातला मोजमापाचा माणूस म्हणून घेतलेला. म्हणजे तुझ्या अर्जावर मला बोलावं लागणार. हे तू अर्ज करताना धरून चालला असशीलच.

तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा क्रमानं लिहू दे. अलीकडे क्रम लावल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. ८ नोव्हेंबर १९८७, रविवार. क्लबचं ते चाकं पोटात घेणारं विमान तू चालवत होतास. शेजारी वंदना, दादाच्या विमानात हौस म्हणून बसलेली. बाग सेवनियाच्या पलीकडे इंजिन बंद पडलं. त्यात तुझा दोष नव्हता, तसं दिल्लीच्या विमान खात्यातल्या लोकांनी लिहून दिलं. खाली शेतं. प्रश्न एकच उरला, चाकं खाली काढायची की पोटातच ठेवायची. तू पोटात ठेवलीस. विमान पोटावर घसरत गेलं. तुला खरचटलं, वंदनाच्या कमरेचा मणका दबला.

पुस्तक काय सांगतं ते मीच तुला जेवणाच्या टेबलावर सांगायचो. जमीन कडक असेल तर चाकं खाली, म्हणजे आदळण्याचा हिसका चाकं खातात. जमीन मऊ असेल तर चाकं वर, नाहीतर ती रुततात आणि विमान कोलांटी खातं. आणि शंका असेल तर खाली. हे शेवटचं पुस्तकातलं नव्हे, माझं.

तू जबाबात लिहिलंस, शेत ओलं होतं. मी शेतात जाऊन पहार मारली. सात ठिकाणी मारली, कुठेही चार बोटांपेक्षा खाली गेली नाही. मी लिहिलं, जमीन कडक. त्यावरून शेरा आला. पोटच्या पोरालाही सोडलं नाही म्हणून टाउनशिपमध्ये दोन महिने माझं कौतुक चाललं होतं, आणि तू बॅग भरून नागपूरला काकाकडे गेलास.

मी जे मोजलं ते लिहिलं. आजही तेच म्हणेन. मग हे पत्र कशाला, असं विचारशील. ते मलाही नीट कळलेलं नाही.

३१ मार्चला मी निवृत्त होतोय. क्वार्टर सोडायचं आहे. अवधपुरीत घर बांधतोय, प्लिंथपर्यंत आलं आहे.

बाबा


रविवार, १३ फेब्रुवारी

जयंत,

उत्तर आलं नाही. येईल असं मीही धरलं नव्हतं, तरी पोस्टमनला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तर तो मला सायकलवरूनच हात करून जायला लागेल.

एक गोष्ट घडली आहे. गुरुवारी अवधपुरीच्या प्लॉटवर मुरमाची ट्रॉली आली. इथली जमीन काळी, फुगते आणि भेगाळते, म्हणून पायाभोवती मुरूम भरून घ्यावा लागतो. ट्रॅक्टरवर साठीचा माणूस होता. उतरून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आप वही साहब हैं ना, सब्बल वाले?"

सब्बल म्हणजे पहार. तो भागीरथ पटेल निघाला. तू ज्याच्या शेतात उतरलास तोच.

चहा घेता घेता त्यानं सहज सांगितलं. ते मी त्याच्याच शब्दांत लिहितो. "साहब, उस हफ़्ते तो मेरा पलेवा चल रहा था। शुक्रवार को पानी छोड़ा, इतवार को आपका जहाज़ आ गया। मैं तो उसमें बैल न उतारता।" पलेवा म्हणजे पेरणीआधी रान भिजवतात ते. मी म्हटलं, पण मी आलो तेव्हा जमीन कडक होती. तो हसला. "आप नौवें दिन आए थे। नौ दिन की धूप, और ऊपर से पूरा गाँव जहाज़ देखने आता था। मूँगफली वाला तक ठेला लगाता था वहाँ। सड़क बन गई थी, साहब।"

मी अमरावतीकडचा माणूस. काळ्या रानात वाढलो. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्यात पाय घातला तर चप्पल आतच राहते, आणि आठवड्यानं तेच रान टाचेखाली वाजतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी सात ठिकाणी पहार मारली आणि ती कुठल्या दिवशी मारतोय हा विचार एकदाही केला नाही. कारखान्यात लोखंड मोजून मोजून असं होत असावं. लोखंड आठव्या तारखेला जेवढं, तेवढंच सतराव्या तारखेला.

घरी येऊन वंदनाला सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "बगळे होते ना बाबा त्या शेतात. पुष्कळ. मी तुम्हाला हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात इंजेक्शनच्या गुंगीत बोलतेय."

बगळे पाणी सोडलेल्या रानातच उतरतात. तू वरून ते पाहिले असशील. जबाबात बगळ्यांबद्दल का लिहिलं नाहीस? की लिहिलं होतंस आणि मी वाचलं नाही?

बाबा


रविवार, २० फेब्रुवारी

जयंत,

हसू नकोस. मी एक प्रयोग केला.

क्वार्टरमागच्या वाफ्याची माती काळीच आहे. शुक्रवारी तिथे दीड तास पाण्याची नळी सोडून ठेवली. शेजारच्या शालिनीबाईंनी कुंपणावरून विचारलं, "भाऊजी, निवृत्तीनंतर भात लावणार का?" रविवारी म्हणजे आज सकाळी साइटवरची एकचाकी हातगाडी आणली, तिच्यात विटा भरल्या, आणि पायवाटेवरून पळत नेऊन वाफ्यात घातली. चाक रुतलं, गाडी पुढच्या पुढे उलटली आणि मीही तिच्यावरून गेलो. गुडघा सुजला आहे. वंदना दारात काठी टेकून उभी होती. म्हणाली, "बाबा, सीट बेल्ट लावला नव्हतात का?" आणि हसता हसता तिची पाठ भरून आली, मग मीच तिला आत नेलं.

प्रयोगावरून निष्कर्ष निघतो की ओल्या जमिनीत चाकं खाली असती तर तुम्ही उलटला असतात. म्हणजे तू बरोबर होतास. हे लिहून पत्र संपवणार होतो, पण तसं झालं नाही.

दुपारी गजानन वऱ्हाडपांडे आले. वायुदलात वीस वर्षं काढलेली, आता कारखान्याच्या सिक्युरिटीत आहेत. त्यांना म्हटलं, सांगा, वर की खाली. म्हणाले, "प्रभाकरराव, खाली. नेहमी खाली. रुतली तर तुटतील. तुटू द्या. तुटता तुटता निम्मा हिसका खातात. चाक तुटलं तर नवं मिळतं, कणा मिळत नाही." मी म्हटलं, आणि उलटलं तर? त्यावर ते म्हणाले, "उलटलेल्या विमानातून चालत बाहेर आलेली माणसं मी पाहिली आहेत." मी विचारलं, न आलेलीही पाहिली असतील? मग ते बराच वेळ चहाच ढवळत बसले.

तेव्हाच्या डॉक्टरांचं बोलणंही आठवतं. ते म्हणाले होते, खालून मार बसलाय, मधे काहीतरी दबणारं असतं तर मणका वाचला असता. दबणारं म्हणजे चाकंच ना? आणि दुसरीकडे माझी हातगाडी वाफ्यात पाय वर करून पडली आहे. सकाळी मी एका बाजूचा होतो, दुपारी दुसऱ्या, आणि आता संध्याकाळी कुठल्या बाजूचा आहे ते मला सांगता येत नाही. बत्तीस वर्षं मी हातात मायक्रोमीटर घेऊन पास की रिजेक्ट एवढंच सांगत आलो. तिसरा शिक्का आमच्याकडे नव्हता.

तुला त्या वेळी काय वाटलं होतं? हे मी तुला कधी विचारलंच नाही. जबाब वाचला, त्यात चुका शोधल्या.

बाबा


मंगळवार, १ मार्च

जयंत,

तेरा तारखेच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. ती लिहिली नाही हे तेव्हापासून खुपतंय.

भागीरथनं प्लॉटवर जे सांगितलं ते मला नवीन नव्हतं. १७ नोव्हेंबरलाही तो शेतात होता. मी पहार मारत होतो तेव्हा तो माझ्या मागे मागे येऊन सांगत होता की साहब, पानी छोड़ा था, उस दिन कीचड़ था. मी ऐकलं. आणि त्याला म्हटलं, "ठीक है, ठीक है, हमको नापने दो।"

तुला आमच्या तपासणी खात्याची रीत माहीत आहे. मोजलेलं तेवढंच कागदावर जातं. कुणी सांगितलेलं जात नाही. कामगार म्हणतो, साहेब, काल हे बरोबर होतं. आम्ही ते लिहीत नाही, कारण आम्ही ते मोजलेलं नसतं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, की ऐकीव माहिती म्हणजे रीडिंग नव्हे. ही रीत चांगली आहे. तिच्यामुळे आमच्या हातून गेलेलं टर्बाइन कधी परत आलं नाही. त्या दिवशी मी ती शेतावर नेली. भागीरथचं बोलणं ऐकीव होतं, पहार माझ्या हातात होती. मला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. उलट वाटलं, बघा, मुलाच्या बाजूचं बोलणाराही मी बाजूला सारला.

इथपर्यंत लिहून मी तीन दिवस थांबलो होतो. आता पुढचं लिहितो.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलनं वंदनाचे कपडे पिशवीत घालून दिले होते. तुझी आई असती तर तिनं उघडली असती. ती नव्हती, म्हणून मी उघडली. लोकांनी तिला बाहेर काढून शेतातून बांधावर नेऊन निजवलं होतं ना? सलवार गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलानं माखलेली होती. वाळलेला नव्हे, ओला, पिशवीत राहून तसाच राहिलेला. मी ती बादलीत भिजत घातली. तीनदा पाणी बदललं, तरी काळंच निघत होतं. आठ दिवसांनी मीच लिहिलं की जमीन कडक.

आता मला सांग, मला माहीत होतं की नव्हतं? बादली आठवते, पाणी आठवतं. पहार आठवते. पण पहार मारताना बादली आठवली होती का, ते काही केल्या आठवत नाही. कधी वाटतं, आठवली होती आणि मी दाबली. कधी वाटतं, नाही, माणूस इतका पाजी नसतो. एवढं मात्र खरं आहे की तेव्हा मला तुझा राग आला होता. वंदना लाकडी फळीवर सरळ निजवलेली, तिच्या ठरलेल्या सासरकडच्यांची भेटायला यायची टाळाटाळ सुरू झालेली, आणि तू दंडाला पट्टी बांधून बाहेरच्या बाकावर बसलेला. तू धडधाकट आहेस याचा मला राग आला, जयंत. बापाला असा राग येतो. तो कागदावर कसा उतरला ते मला कळलं नाही.

बैठकीत मी सांगणार आहे की माझं मोजमाप चुकीच्या दिवसाचं होतं. बादलीचंही सांगेन.

बाबा


रविवार, ६ मार्च

जयंत,

आता मात्र माझी पुरती फजिती झाली आहे.

काल पळसुलेंकडे गेलो. सांगितलं, बैठकीत मला माझं टिपण मागे घ्यायचं आहे.  त्यांनी कपाटातून तुझा अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. त्यात तू लिहिलं आहेस, "जमिनीबाबतचे समितीचे मोजमाप बरोबर होते. निर्णयाची चूक माझी होती व ती मला मान्य आहे. पुन्हा संधी मिळावी." तुझ्याच अक्षरात. 'व' अजून तसाच काढतोस.

पळसुले म्हणाले, "बघा, मुलानं सरळ मान्य केलंय. माथूर साहेबांना असंच आवडतं. पाच मिनिटांत शेरा निघेल, मेच्या परीक्षेला बसेल. तुम्ही जुनी जमीन उकरून काढलीत तर सगळं प्रकरण दिल्लीला जाईल. मे तर गेलाच, नोव्हेंबरचाही भरवसा नाही. तो एकतीसचा झालाय, प्रभाकरराव. जरा गप्प बसायला काय घ्याल?"

बरोबर बोलतायत ते. मी गप्प बसलो तर तू उडशील, पण न केलेली चूक डोक्यावर घेऊन. बोललो तर चूक जाईल आणि बहुधा परीक्षाही जाईल. सहा वर्षांपूर्वी सगळे म्हणत होते, समितीतून बाजूला व्हा, बापानं मुलाचा निवाडा करू नये. मी झालो नाही, कारण मला खरं बोलण्याची हौस. आताही बोललो तर ती हौसच असेल का? मला माझ्या खरेपणाचा भरवसा राहिलेला नाही.

वंदनाला विचारलं. तिनं विचारलं, "दादाशी बोलू का?" मी म्हटलं, म्हणजे? तर कळलं की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती शाळेजवळच्या एसटीडी बूथवरून तुझ्याशी बोलते. सहा वर्षं! मला वाटायचं ती भाजी आणायला जाते. भाजीही आणायची, म्हणून शंका आली नाही. मी रागावणार होतो, पण उलट बरंच वाटलं. तुझी ख्यालीखुशाली या घरात येत होती, फक्त माझ्या खोलीपर्यंत पोचत नव्हती.

मग तिनं मला ते सांगितलं, जे तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. इंजिन बंद पडल्यावर ती ओरडली होती, "दादा, चाकं काढ, बाबा म्हणतात शंका असेल तर खाली!" तुझा हात चाकांच्या दांड्यावर होता. तू खाली शेताकडे पाहिलंस, हात काढून घेतलास आणि म्हणालास, "बाबा इथे नाहीयेत, वंदी."

हे ऐकून मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा तुला विचारतोय. शनिवारी मी बोलू की गप्प बसू? मी काही ठरवणार नाही. तू सांगशील तसं करीन. हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतोय. वंदनाकडेही निरोप दे, ती बूथवर जाईल, आणि मी भाजी आणीन.

बाबा


शनिवार, १२ मार्च, संध्याकाळ

जयंत,

तू गाडीत बसला असशील. इटारसीही मागे टाकली असशील. स्टेशनवर यायचं धाडस मला झालं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

तू येशील हे मला माहीत नव्हतं. वंदनाला माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून आता कळतंय. मी बैठकीच्या खोलीत शिरलो आणि तू खिडकीशी बसलेला. केस मागे गेलेत तुझे. माझे याच वयात गेले होते. पत्राला उत्तर दिलं नव्हतंस, खुणेनंही काही सांगितलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस आणि पुन्हा अर्जाकडे पाहिलंस. बोल म्हणतोस की गप्प बस म्हणतोस, मला काही कळेना.

माथूर साहेबांनी तुला विचारलं, "तो आप मानते हैं, गलती आपकी थी?" तू म्हणालास, "जी।" त्यांनी पेन उचललं. तेवढ्यावर संपलं असतं. मी ठरवून गेलो होतो की तू सांगितलं नाहीस म्हणजे गप्पच बसायचं. पण तू 'जी' म्हणालास तो आवाज माझ्या ओळखीचा होता. लहानपणी दूध सांडलं की, ते तू सांडलेलं नसलं तरी तूच 'हो' म्हणायचास, म्हणजे चौकशी लवकर संपावी. मी उभा राहिलो. उभं राहिल्यावर काय बोललो ते मला सलग आठवत नाही. तू ऐकलंस, तुलाच माहीत. नववा दिवस सांगितला, भागीरथचं सांगितलं, बगळे सांगितले, बादली सांगितली. 

माथूर साहेब वैतागले. "तो गुप्ते साहब, आप कह रहे हैं पहिये ऊपर रखना सही था?" मी म्हटलं, "मालूम नहीं।" ते म्हणाले, "तो गलत था?" मी म्हटलं, "वह भी मालूम नहीं। मैं वहाँ नहीं था।" पळसुलेंनी कपाळाला हात लावला.

निकाल तुझ्यासमोरच झाला. 'निर्णयाची चूक' काढून 'निष्कर्ष काढता येत नाही' असं लिहून कागद दिल्लीला जाणार. मे गेला. नोव्हेंबरचं दिल्ली जाणे. ते मी केलं. तू सांगितलेलं नसताना केलं. त्याबद्दल तू मला जिन्यात जे बोललास ते मला मान्य आहे. "तुम्हाला एक दिवस गप्प बसता येत नाही का?" नाही येत, बाळा. बसायला हवं होतं की नको, ते आताही कळत नाही.

पण त्यानंतर तू जे बोललास त्याची मला कल्पना नव्हती. मी म्हटलं, माझी अब्रू राखण्यासाठी तू खोटं कबूल केलंस ना? तू म्हणालास, "तुमच्यासाठी नाही हो बाबा. मलाच माहीत नाही. चाकं काढली असती तर वंदीची पाठ वाचली असती का, हे मी सहा वर्षं रोज विचारतोय. कुणाची तरी चूक असली की विचार तरी थांबतो. म्हणून म्हटलं, माझी." एवढं बोलून तू भराभर उतरून गेलास. 

मी इतके दिवस समजत होतो की तुला उत्तर माहीत आहे आणि माझ्यामुळे ते खोटं ठरलं. तुला माहीत नाही. मला माहीत नाही. वऱ्हाडपांडेंना वाटतं त्यांना माहीत आहे, पण त्यांचाही चहा थंड झाला होता. तू इतकी वर्षं हे एकट्यानं नागपुरात धरून बसला होतास आणि मी इथे बसून पहारीची चार बोटं घोकत होतो. मला फार वाईट वाटतंय, जयंत. फार.

वंदनाला आत्ता जिन्यातलं सगळं सांगितलं. ती चिडली. म्हणाली, "दोघांनी माझ्या पाठीचं काय चालवलंय? पाठ माझी आहे. मला कुणी विचारलं का?" मी म्हटलं, बरं, आता विचारतो. ती म्हणाली, "दुखते. रोज दुखते. पण दुखायला मी आहे ना!" मग तुझ्यासाठी केलेल्या पोळ्यांचा डबा तिनं माझ्यापुढे आदळला. तू जेवायला येशील असं तिला वाटलं होतं. दहा पोळ्या आहेत. दोघांत संपणार नाहीत.

जेवायचं सोडून मी कपाटातून माझी जुनी वही काढली, ज्यात त्या अहवालाची माझी प्रत आहे. तेरा पानं आहेत. पहारीची सात रीडिंग, घसरण्याची लांबी, पंखाचं नुकसान, पात्यांचा बाक, सगळं दशांशापर्यंत. पहिल्या पानावर एक रकाना आहे, 'विमानातील व्यक्ती', आणि त्यापुढे 'सद्यस्थिती'. तो मी कोरा सोडला होता. का सोडला, आठवत नाही. घाईत राहिला असेल, किंवा तेव्हा तो मला मोजमापाचा भाग वाटला नसेल.

आज भरला. तारीख आजचीच घातली आणि खाली सही केली. तुला कळावं म्हणून इथे उतरवतो.

विमानातील व्यक्ती: दोन. जयंत प्रभाकर गुप्ते, वंदना प्रभाकर गुप्ते.
सद्यस्थिती: दोघेही जिवंत.

बाबा